बटाटा तळण्याची पात्रता

बटाटा तळणं ही जबाबदारी आहे, आणि जबाबदारी ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देऊन चालत नाही. ज्या समाजात बटाटा कोण तळतो याची कसून चौकशी होते, तो समाज प्रगत समजावा.

मी स्वतः पुलांची तपासणी करणाऱ्या खात्यात होतो. मला घेताना साहेबांनी दोन प्रश्न विचारले. "तू आपल्या स्टोअरकीपरचा मुलगा ना?" आणि "सोमवारपासून येशील?" दोन्हींची उत्तरं मला येत होती. तेवढ्या भांडवलावर मी निवृत्त होईपर्यंत पूल तपासले. (बहुतेक सगळे अजून उभे आहेत.) पण तो काळ अडाणी होता. आज आमच्या कोपऱ्यावरच्या फास्ट फूडच्या दुकानात कागदी पुड्यात फ्राइज भरायला माणूस घ्यायचा तर त्याला पाच टप्पे पार करावे लागतात, आणि ते योग्यच आहे. पूल पडला तर चौकशी समिती बसते, सगळ्यांना वेळ मिळतो. फ्राइज गार निघाल्या तर गिऱ्हाईक समोरच उभं असतं.

हे ज्ञान मला बापूमुळे झालं. बापू माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. वय सत्तेचाळीस, उंची अशी की आमच्या दारातून येताना वाकावं लागतं. बुटांची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात तो मशीनवर होता. कारखाना बंद पडला, मागोमाग भाड्याची खोली गेली, आणि बापू आमच्या बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर आला. सोफा तीन माणसांचा आहे, पण बसलेल्या. बापू आडवा झाला की त्याचे पाय बाहेर राहतात आणि मला टीव्ही त्याच्या दोन तळव्यांच्या मधून बघावा लागतो. तक्रार नाही. बातम्या तेवढ्याच दिसलेल्या बऱ्या.

बापूची बायको मागेच गेली. मुलगी परगावी होस्टेलवर राहून शिकते. परीक्षा संपली की सुट्टीला घरी येणार, आणि घर तर नव्हतं. मागच्या गल्लीत एक खोली रिकामी होती. घरमालकीण बाई स्वभावानं चांगली, पण तिची अट एकच, खोली नोकरी असलेल्यालाच देणार.

"भावजी, पोरगी येणार म्हटल्यावर तिला दार उघडायला आपलं असं एक दार तरी हवं की नको?" बापू म्हणाला. "का आत्याच्या घरी पथारी टाक म्हणू?"

आत्या, म्हणजे आमची ही, लगेच म्हणाली, "टाकेल की! ती माझ्याजवळ आत झोपेल, हे बाहेर खुर्चीत झोपतील."

त्या क्षणापासून बापूच्या नोकरीत मलाही रस वाटू लागला.

दुकानाच्या काचेवर बोर्ड आहे: 'माणसे ताबडतोब नेमणे आहे.' (हा बोर्ड दुकान उघडलं तेव्हापासून आहे. उन्हानं त्यातला 'ताबडतोब' पार उडून गेलाय.) बापू सरळ आत गेला आणि म्हणाला, "मी आलोय." काउंटरवरच्या मुलीनं त्याच्याकडे बघितलं आणि सांगितलं, असं येता येत नाही. अर्ज मोबाइलवरच करायचा. ती मुलगी स्वतः त्या वेळी एकटीच बर्गर बांधत होती, पैसे घेत होती आणि सांडलेलं पुसत होती, त्यामुळे माणसाची गरज किती निकडीची आहे हे तिला चांगलंच ठाऊक होतं. पण शिस्त म्हणजे शिस्त.

अर्जात लिहिलं होतं: 'नवख्यांसाठी उत्तम संधी. अनुभव किमान दोन वर्षे.' वरवर पाहणाऱ्याला यात विसंगती वाटेल. मला वाटली नाही. नवखेपणा हाही अंगात मुरावा लागतो. पुढे आपली सगळी माहिती असलेला कागद चढवायचा होता. तो चढवला की त्याच्याखाली त्या कागदातली सगळी माहिती पुन्हा टाइप करा असं येत होतं. नंतर प्रश्न होता, 'आमच्या ब्रँडविषयी तुम्हाला पहिल्यांदा प्रेम कधी वाटले?' बापूनं माझ्याकडे बघितलं. मी लिहायला सांगितलं, "लहानपणी." तेव्हा हे दुकान नव्हतं, पण प्रेमात एवढं चालतं.

माझ्या अंदाजानं शंभरातले साठ उमेदवार या टप्प्यावर पासवर्ड विसरून गळतात. वीस जणांना पासवर्ड आठवतो, पण तोवर त्यांना नोकरीची गरज का होती ते आठवत नाही. बापू उरलेल्या विसांत निघाला. आम्ही शेजारी सांगून आलो.

दुसरा टप्पा स्वभावाच्या चाचणीचा. 'मला कधीही राग येत नाही', 'मला राग आला तर मी तो व्यक्त करतो', 'मी राग गिळतो', 'मला गिळायला आवडते', अशी विधानं, आणि प्रत्येकापुढे पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत. बापू सरळ माणूस. त्यानं सगळीकडे 'काही अंशी सहमत' दाबलं. मशीननं अहवाल दिला की उमेदवाराला मतं असण्याची शक्यता मध्यम आहे. (आमच्या खात्यात यावर बढती मिळायची.)

तिसऱ्या टप्प्यात मुलाखत, पण घेणारं कोणी नाही. मोबाइल भिंतीला टेकवून ठेवायचा आणि त्यात दिसणाऱ्या स्वतःच्याच चेहऱ्याशी बोलायचं. बापूनं माझा निवृत्तीच्या समारंभातला कोट घातला. बाह्या कोपराशी संपत होत्या, म्हणून हात टेबलाखाली. पडद्यावर अक्षरं आली, 'पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?'

"खोलीत," बापू म्हणाला. "मागच्या गल्लीत. पाच वर्षं कशाला, एका महिन्यात मिळाली तरी चालेल."

पुढचा प्रश्न, 'स्वतःच्या कामाचे वर्णन एका शब्दात करा.' बापूनं खूप विचार केला आणि म्हणाला, "बरं."

मी डोक्याला हात लावला. चूक त्याची नव्हती, वळणाची होती. आपल्याकडे 'बरं' हा सर्वोच्च पुरस्कार आहे. माझ्या वडिलांनी माझा पहिल्या नंबरचा निकाल बघून "बरंय" म्हटलं होतं, आणि घरात त्या दिवशी गोड झालं होतं. मी स्वतः बायकोच्या स्वयंपाकाला गेली तीस वर्षं "बरा झालाय" म्हणतो आहे. याहून जास्त काही म्हटलं तर तिला वाटेल मी आजारी आहे. एखाद्याला तोंडावर 'उत्तम' म्हणणं म्हणजे त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवणं, आणि चढलेला माणूस पुन्हा खाली येत नाही, असं आपल्याला पोटातून कळतं.

तरी बापू पास झाला. चौथ्या टप्प्यात गटात काम करण्याची वृत्ती तपासतात. सहा उमेदवारांना स्ट्रॉ आणि कागदी पेले देऊन मनोरा रचायला सांगितलं. गटात एक आर्किटेक्ट होता, एक जनावरांचा डॉक्टर, आणि दोन जण आधीच्या वर्षी इथेच नापास झालेले, म्हणजे अनुभवी. आर्किटेक्टनं उत्कृष्ट मनोरा आखला आणि तो दोनदा पडला. तिसऱ्यांदा बापूनं काही न बोलता खालून धरून ठेवला. मॅनेजर खूश झाला. हा मॅनेजर पंचविशीतला, घामाघूम झालेला मुलगा. आठ माणसांचं काम तिघांत उरकत असल्यामुळे तो चालताना पळायचा. तो कानाशी येऊन बापूला म्हणाला, "काका, मला तुम्हीच हवेत. उद्या काउंटरवर तेवढं निभावून न्या. शेवटचं माझ्या हातात नाही."

शेवटचं कोणाच्या हातात होतं, तर दाराच्या. बाहेर पडताना भिंतीवर तीन बटणं आहेत, तीन चेहरे. हिरवा हसणारा, पिवळा सरळ तोंडाचा, लाल रडणारा. नव्या माणसाला दिवसभर काउंटरवर उभं करायचं आणि जाताजाता गिऱ्हाइकांनी बटण दाबून मत द्यायचं. लोकांच्या हाती निवड देणारी इतकी सुंदर पद्धत मी निवडणुकीतही पाहिली नाही. एकच बारीक नियम होता, जो मॅनेजरनं आम्हाला पळतापळता सांगितला: हिरवं म्हणजे पसंत, लाल म्हणजे नापसंत, आणि पिवळं म्हणजेही नापसंत. गिऱ्हाइकांना हे सांगत नाहीत. सांगितलं तर ती विचार करून दाबतील.

मी आणि बायको एक कॉफी घेऊन दाराजवळच्या टेबलावर बसलो. नातेवाइकांना बटण दाबायला मनाई, तशी सही घेतली होती. बापू टोपी घालून उभा होता. टोपी छोटी, माणूस मोठा, पण खरं सांगतो, शोभत होता. एका आजीबाईंचा हात थरथरत होता, तर त्यानं पेल्याचं झाकण घट्ट लावलं आणि ट्रे स्वतः टेबलापर्यंत नेऊन ठेवला. एका माणसानं ऑर्डर चार वेळा बदलली. बापू चारही वेळा "हो, हो" म्हणाला. रांग झरझर पुढे सरकत होती. काउंटरवरच्या त्या मुलीला बऱ्याच महिन्यांनी पाणी प्यायला वेळ मिळाला.

लोक खूश होते हो! तृप्त होऊन दाराशी येत होते. एक बाप आपल्या मुलीला म्हणाला, "चांगला होता नाही का माणूस?"

"एकदम छान! हिरवं दाबू?"

"हिरवं नको गं, शेफारतात. पिवळं दाब."

मुलीनं पिवळं दाबलं. आजीबाई आल्या, डोळ्यांनी बापूला आशीर्वाद दिला, आणि पिवळं दाबलं. चार वेळा ऑर्डर बदलणाऱ्यानं हिरव्यावर बोट नेलं, मग कोणी बघतंय का ते बघितलं आणि बोट पिवळ्यावर आणलं. बायकोनं माझा हात घट्ट धरला. "सांगा ना त्यांना!" ती म्हणाली. मी सही केलेली होती.

संध्याकाळी आकडे निघाले. पिवळी एकशे ब्याऐंशी. लाल एक, तेही कडेवरच्या बाळानं चमकतंय म्हणून ठोकलं. हिरवी दोन, त्यातलं एक मॅनेजरचं कोपर लागून. पडद्यावर निकाल आला: 'ग्राहकांनी उमेदवारास जवळजवळ एकमताने नाकारले आहे.' मॅनेजरचा चेहरा रडवेला झाला. बापूनं टोपी काढली, नीट घडी घातली आणि विचारलं, "कोणाला काय कमी पडलं, तेवढं तरी सांगाल का?" मॅनेजरनं पडदा पुन्हा खालवर करून पाहिला. कोणाला काहीच कमी पडलं नव्हतं.

मला फार वाईट वाटलं. उपहास वगैरे नंतर, आधी वाईट वाटलं.

खोली दुसऱ्याला गेली. मुलीनं फोनवर बापाला सांगितलं, की सुट्टीत ती होस्टेलवरच राहील, वाचन होईल. बापू म्हणाला, "बरं." फोन ठेवून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. मी जेवायला बसलो, आणि सवयीनं म्हणालो, भाजी बरी झालीये. बायकोनं पळी खाली ठेवली.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "तुम्ही मला पिवळंच देताय."

बोर्ड अजून काचेवर आहे. ती मुलगी पुन्हा एकटीच आहे आणि रांग दारापर्यंत येते. परवा तुम्ही त्या रांगेत होतात. घड्याळ बघत तुम्ही मागच्याला म्हणालात, "हल्ली कामाला माणसंच मिळत नाहीत." मी लगेच ओळखलं तुम्हाला. बापूच्या दिवशी तुम्ही खिडकीजवळ बसला होतात, जादा सॉस मागितला होतात आणि त्यानं तो हसून आणून दिला होता. जाताना तुम्ही दाराशी थांबलात. मनात काही वाईट नव्हतं तुमच्या, मी शपथेवर सांगेन.

असो. एवढं वाचलंत, आभारी आहे. आता कोणी विचारलं, कसं वाटलं, तर तुम्ही काय म्हणाल तेही मला माहीत आहे. बरं होतं, म्हणाल. बापूलाही तुम्ही तेच म्हणाला होतात.