ज्याची गाडी, त्यानं आत बसायचं

भर मे महिना, डोक्यावर ऊन, आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये एक गाडी उभी. काचा घट्ट वर. आत दोन माणसं घामाने निथळत बसलेली आणि बाहेरून तिसरा कुणीतरी त्या गाडीवर पाइपने पाणी मारतोय. राजुरीत नवा आलेला माणूस हे बघून घाबरतो. गावातला माणूस फक्त विचारतो, "आज कोण सापडलं दत्तूभाऊला?"

दत्तूभाऊ माझे शेजारी. म्हणजे त्यांची शेड आणि माझं जनावरांच्या औषधांचं दुकान यांच्यात एकच पत्रा आहे. मी औषधं विकतो म्हणून ते मला 'डाक्टर' म्हणतात. मी डॉक्टर नाही हे मी त्यांना अनेकदा सांगून पाहिलं. "आसू द्या की राव, आमी कुठं इंजिनेर हाये," एवढंच उत्तर मिळतं.

त्यांचा धंदा एकच. गाडीच्या दारातून आत पाणी येत असेल तर ते बंद करायचं. इंजिन, ब्रेक, टायर यांतल्या कशालाही ते हात लावत नाहीत. "त्याला लई जण हायेत," म्हणतात. तरुणपणी ते पुण्याकडे गाड्यांच्या एका कारखान्यात होते. तिथे तयार झालेल्या गाडीवर चारी बाजूंनी पाणी सोडून ती गळते का ते बघायचं एक खातं होतं. दत्तूभाऊ त्याला 'आंघोळखातं' म्हणतात. उभी नोकरी त्यांनी आंघोळखात्यात काढली आणि गावी आल्यावर तेच काम उघडलं. आता राजुरीत पाऊस तो किती! आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. अशा गावात गळक्या गाड्यांचं दुकान काढणं म्हणजे धो-धो पावसाच्या तळेघरला रसवंती टाकण्यासारखं. पण गिऱ्हाईक येतं. पश्चिमेकडून, घाटाखालून-घाटावरून, जिथे पाऊस पडायला लागला की थांबायचं नाव घेत नाही, तिथून जीपवाले त्यांना शोधत येतात.

कामाची पद्धतही त्यांचीच. आधी दाराच्या रबराला खडू फासायचा, दार लावायचं, उघडायचं. जिथे पत्र्यावर खडू उमटला नाही तिथे रबर टेकत नाही. मग दाराच्या तळाची बारीक भोकं बघायची. दारात शिरलेलं पाणी त्यातून खाली जातं. ती चिखलाने बुजली की दाराचा हंडा होतो. ही भोकं दत्तूभाऊ खराट्याच्या काडीने साफ करतात. काम संपलं की तीच काडी समोरच्या काचेवरच्या, ऊन अडवायच्या झडपेत खोचून देतात आणि बजावतात, "म्हयन्यातून एकदा फिरवायची. दात कोरता तसं." आमच्या आणि शेजारच्या तालुक्यात कुणाच्या गाडीची झडप खाली केली आणि अंगावर खराट्याची काडी पडली, तर समजायचं की गाडी दत्तूभाऊंकडे जाऊन आलीय.

शेवटी आंघोळ. ही सगळ्यात कठीण. कारण त्यांचा नियम असा की ज्याची गाडी त्यानं आत, आपल्या नेहमीच्या जागेवर बसायचं. शेजारी दत्तूभाऊ, हातात बॅटरी. रिकाम्या गाडीवर पाणी मारलं तर चालणार नाही का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "डाक्टर, माणूस बसला की गाडी बसती. गाडी बसली की दार हालतं. रिकाम्या गाडीत पाणी येईल ते गाडीचं. मला तुमचं पाणी बघायचंय."

मी पाइप उचलला.

पाइप धरणाऱ्यालाही सुख नाही. पाणी खालून सुरू करून हळूहळू वर न्यायचं. कुणी एकदम टपावर धार सोडली की आतून काचेवर थापा आणि शिव्या. पूर्वी पाइप धरायला त्यांची मुलगी मनीषा असायची. तिला कधी शिवी खावी लागली नाही. ती लग्न करून गेल्यापासून जो सापडेल तो, म्हणजे बहुतेक वेळा मीच.

आत बसल्यावर पाच मिनिटांत माणूस कंटाळतो. "झालं का हो?" म्हणतो. दत्तूभाऊ पायाखालच्या मॅटवर बॅटरी धरून सांगतात, "थांबा राव. पाणी अजून वाटेत हाये." पुन्हा विचारलं की पुन्हा तेच. पण गंमत अशी की बंद काचा, बाहेर पाण्याचा एकसारखा आवाज आणि पळायला जागा नाही, अशा ठिकाणी माणूस आपोआप बोलायला लागतो. एक पुढारी आले होते, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. आत बसायला तयारच नव्हते. बसले ते बसले आणि आपल्या धाकट्या भावाबद्दल बोलत सुटले. मग झोपले. त्यांची गाडी आता टिपूसभरही गळत नाही, तरी वर्षातून दोनदा 'जरा बघा हो' म्हणत येतात. मी स्वतः माझ्या खटाऱ्यात बसून दत्तूभाऊंना काय काय सांगितलंय ते आमच्या घरी कळू नये एवढीच माझी इच्छा आहे. दत्तूभाऊ कुणालाच सल्ला देत नाहीत. सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, "पाणी अजून वाटेत हाये."

हे वेड शेडपुरतं असतं तर शांतावहिनी, म्हणजे त्यांची बायको, सुखात राहिल्या असत्या. पण दत्तूभाऊंनी घरच्या फ्रिजच्या रबरालाही खडू फासून पाहिला. बेल्ह्याला एका लग्नात अक्षता पडायच्या वेळी हे मांडवाबाहेर पाहुण्यांच्या गाड्यांची दारं उघडून लावत होते, आवाज ऐकायला. वऱ्हाडातल्या पोरांनी चोर म्हणून धरलं. मी जाऊन सोडवलं तेव्हा मला म्हणतात, "नवरदेवाच्या गाडीचं मागलं दार सैल हाये, तेवढं त्यांच्या कानावर घाला."

पाण्याच्या बाबतीत मात्र महाकंजूष. आंघोळीचं पाणी गटारीवाटे पिंपात, पिंपातून बादलीने परत पाइपच्या टाकीत. मी पाय धुताना तांब्याभर जास्त घेतलं तरी पत्र्यापलीकडून खाकरतात.

आता मनीषाचं सांगतो. तिने तळेघरकडच्या संतोषशी लग्न केलं. तो दुसऱ्याची जीप चालवायचा, रबर बदलायला इथेच यायचा. वेगळ्या समाजाचा, डोंगरातला. भात आणि नाचणीची चार खाचरं. ती विचारायला आली तेव्हा दत्तूभाऊ रबर कापत होते. ते कापतच राहिले. तिने वाट पाहिली आणि आपल्या मनाने लग्न करून ती निघून गेली. दत्तूभाऊंनी आरडाओरडा केला नाही, शाप दिले नाहीत. फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. मला त्यांचा फार राग यायचा. माणसाने भांडावं तरी.

मी धंद्यासाठी तळेघरला जातो. परत आलो की दत्तूभाऊ हटकून विचारायचे, "डाक्टर, वर पाऊस लई व्हता का?" मी समजायचो, गिऱ्हाइकाचा अंदाज घेतायत. मी म्हणायचो, लई होता. मग ते पश्चिमेकडे बघत हातातलं रबर पुसत राहायचे.

गेल्या उन्हाळ्यात तळेघरला मनीषा भेटली. आता त्यांची स्वतःची एक जुनी जीप आहे, ती मनीषाच चालवते. सकाळी शाळेची पोरं, दिवसभर बाया-माणसं. संतोष शेती बघतो आणि अधूनमधून दुसऱ्याच्या टेम्पोवर जातो. एसटी तिकडे नावालाच. ती म्हणाली, "काका, गाडी लई गळती. दारातनं पानी पायापाशी येतं आन् वायरी भिजून गाडी बंद पडती. मागल्या पावसात बाळंतपणाला निघालेली बाई घेऊन रस्त्यात उभी व्हते मी. दोघा मिस्त्र्यांनी बघितली, कुणाला घावंना."

"मग जिथे घावेल तिथे आण."

तिने नाही म्हणून मान हलवली. दत्तूभाऊंना ती अण्णा म्हणते. "तुमी न्या. तुमच्या दोस्ताची म्हणा. अण्णांना माझं नाव सांगू नका. त्यांनी न्हाई म्हटलं तर मला पुन्हा कधी यायला तोंड राहणार न्हाई."

माझा खटारा तिच्याकडे ठेवून मी जीप घेऊन राजुरीला आलो. वाटेत खोटं बोलायची तयारी केली. दत्तूभाऊंनी नेहमीसारखा खडू लावला, खाली वाकून भोकं बघितली, म्हणाले, "भोकं साफ हायेत. कुणीतरी निगा राखलीय. मालक कोण?"

"मीच. नवीन घेतली. म्हणजे जुनीच, पण नवीन."

"बसा मग जागेवर."

मी चालकाच्या जागी बसायला गेलो आणि माझे गुडघे स्टिअरिंगला अडकले. सीट पार पुढे ओढलेली, वर एक उशी बांधलेली. येताना मी तसाच कसाबसा आलो होतो, पण दत्तूभाऊंसमोर असं घडी घालून बसणं फारच वाईट दिसत होतं.

"लई वाढलात की राव, गाडी घेतल्यापासनं," दत्तूभाऊ म्हणाले.

मी हसलो. घाम पुसायच्या निमित्ताने तोंड लपवायला झडप खाली केली, आणि माझ्या मांडीवर खराट्याची काडी पडली. वापरून वापरून टोक झिजलेली.

ही गाडी या शेडमध्ये याआधी कधी आलेली नव्हती.

दत्तूभाऊंनी काडी उचलली. अंगठ्याने टोक चाचपलं. उशीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं. मी खोटं बोलायची पुढची तयारी विसरून गेलो. त्यांनी काडी परत झडपेत खोचली, खाली उतरले आणि दार इतकं हळू लावलं की त्याचा आवाजही आला नाही.

"मालकाला घेऊन या," म्हणाले. "मालक न्हाई तर आंघोळ न्हाई." आणि घरात निघून गेले.

मला वाटलं, संपलं सगळं. मी शांतावहिनींना जाऊन सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. "न्हाई म्हणलं का ते? 'घेऊन या' म्हणलं ना? मग जावा की! हितं काय बसलाय!"

मी निघायच्या आतच पत्र्यापलीकडे ठोकाठोकी सुरू झाली, म्हणून मी थांबून तळेघरला फोन केला. पुढचे दोन दिवस दत्तूभाऊंनी दुसरं काम घेतलं नाही. बिजागऱ्या कसल्या, चारी दारांचं रबर नवं बसवलं, दाराच्या आतला फाटलेला प्लास्टिकचा कागद बदलला. पाणी तिथून येत होतं. त्यातल्या एका रात्री वहिनी मला म्हणाल्या, "जेवताना सुदिक रबर हातात व्हतं."

तिसऱ्या दिवशी मनीषा आणि संतोष आले ते माझ्याच खटाऱ्यातून. मनीषा शेडच्या दारात थांबली. वहिनी तिला बिलगायला धावल्या, रडल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. दत्तूभाऊ जीपच्या पलीकडे उभे होते. हातात पाइप.

"अण्णा," मनीषा म्हणाली.

"मालक तू?"

"व्हय."

"बस मग."

ती आपल्या उशीवर बसली. मी सवयीने पाइप घ्यायला पुढे झालो. दत्तूभाऊंनी मला कोपराने बाजूला सारलं आणि कोपऱ्यात चोरासारख्या उभ्या असलेल्या संतोषसमोर जाऊन पाइप त्याच्या हातात दिला. "खालनं सुरू करायचं," म्हणाले. "वरनं न्हाई. आन् मी म्हणल्याबिगर थांबायचं न्हाई."

संतोषने दोन्ही हातांनी पाइप धरला. दत्तूभाऊ मनीषाच्या शेजारी जाऊन बसले. काचा वर गेल्या.

पाणी सुरू झालं. खालून वर, बिचारा अगदी सांगितल्याप्रमाणे मारत होता. आधी आत दोघं समोर बघत बसलेली दिसली. मग मनीषाचे ओठ हलताना दिसले. मग काचांवर आतून वाफ धरली आणि काही दिसेनासं झालं. एकदा मला तिच्या हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू आलं, एकदा दत्तूभाऊंच्या खाकरण्यासारखं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण त्यांचा तो आवाज ओळखीचा नव्हता.

नेहमीची आंघोळ आटपते त्याच्या कितीतरी पुढे वेळ गेला. संतोषचे हात भरून आले. "काका," तो हळूच म्हणाला, "आत गळतंय का काय अजून?"

गळत नव्हतं. आदल्या संध्याकाळी दत्तूभाऊंनी मला गुपचूप त्या सीटवर कोंबून, स्वतःचा नियम मोडून, चारी दारांवर पाणी मारून बघितलं होतं. एक थेंब आला नव्हता.

एवढ्यात त्यांच्या बाजूची काच बोटभर खाली झाली. फटीतून डोळे तेवढे दिसले, लाल झालेले.

"वता, जावईबापू," दत्तूभाऊ म्हणाले. "पाणी अजून वाटेत हाये."

काच पुन्हा वर गेली. संतोष माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने पाइप सावरला आणि पुन्हा खालून सुरुवात केली. मी वहिनींकडे वळलो. पिंपातलं पाणी परत टाकीत ओतायचं कुणालाच सुचलं नव्हतं, टाकीचा तळ लागत आला होता आणि टँकरचा काही भरवसा नव्हता.

"वहिनी, टाकी..."

"व्हऊ द्या रिकामी," वहिनी पदराने डोळे पुसत म्हणाल्या.

थोड्या वेळाने पाइप फुरफुरला, दोन गुळण्या टाकल्या आणि बंद पडला. संतोष कोरडा पाइप गाडीवर धरून तसाच उभा राहिला. पाणी संपलंय हे आतल्या दोघांना सांगायला आमच्यापैकी कुणीही पुढे गेलं नाही.