सुभेदारांचा काटा

लग्नाला जाताना लोक आहेर घेऊन जातात. आमचे इस्लामपुरातले शेजारी धोंडीराम सुभेदार मोटारीचा काटा घेऊन जात. म्हणजे मोटारीचा वेग दाखवणारी ती घड्याळासारखी तबकडी. रुमालात गुंडाळून, कोटाच्या खिशात. पंगतीत शेजाऱ्याच्या पानात जिलबी पडायच्या आत त्याच्या हातात तबकडी पडे. असलं कुणाकडं पाहिलंय का, अशी चौकशी त्यांनी एकदा खुद्द नवरदेवाकडे केली होती. मुंडावळ्या बांधलेला माणूस, पळून जाणार कुठे?

पलटणीतून पेन्शनीत आल्यावर ऊस लावून सुखानं बसायचं सोडून सुभेदारांनी एका साहेबाची जुनी विलायती मोटार घेतली. तीही ऐन लढाईत, जेव्हा पेट्रोल सत्यनारायणाच्या प्रसादासारखं, तळहातावर मावेल एवढंच मिळे. मोटार दारात उभी राहिली आणि कोंबड्यांची चांगली सोय झाली. हॉर्न वाजत नव्हता, टप गळत होता, मागचं एक दार सुतळीनं बांधलेलं होतं. सुभेदारांना त्याची फिकीर नव्हती. "बाकीचं चालंल गड्या, काटा हलला पायजे."

जी गाडीच हलत नाही तिचा काटा कशाला हलायला हवा, असं मी एकदा विचारलं. मी शाळामास्तर, तर्कानं बोलायची खोड. सुभेदारांनी माझ्याकडे नव्या रंगरुटाकडे पाहावं तसं पाहिलं आणि मला इंग्रजी येतं या गुन्ह्याखाली साताऱ्याला नेलं. तिथल्या घड्याळजीनं डोळ्याला भिंग लावून तबकडी उघडली आणि मराठीतच सांगितलं, हिला काही झालेलं नाही. चाकांचा वेग तारेवाटे वर पोचवणारं खालचं दातेरी चाक झिजलंय. आपला मुलगा नापास नसून पेपरच चुकीचा तपासला गेलाय, हे कळल्यावर बापाचा चेहरा व्हावा तसा सुभेदारांचा झाला.

मग त्या चाकाचा शोध सुरू झाला. लोणंदला रेल्वेत एक ओळखीचा फिटर होता. आगगाडीचं चाक हवं असेल तर बोला, असं तो म्हणाला. शेवटी सांगलीच्या एका मिस्त्रीनं पत्करलं. पेट्रोल नव्हतं, म्हणून सुभेदारांनी मोटारीला बैल जुंपून ती सांगलीला नेली. मिस्त्रीनं ग्रामोफोनमधलं चाक बसवून दिलं. परतताना बैल शेपटीनं माशा वारत चालले होते आणि काटा साठ मैल दाखवत होता. असे बैल अख्ख्या जिल्ह्यात नाहीत, असं मी म्हटलं. सुभेदारांनी गाडी तिथूनच मागं वळवली.

मिस्त्री बिचारा कनवाळू होता. तो म्हणाला, दुसरं चाक घालून देतो, गाडी कशीही पळवा, काटा पंधराच्या वर चढणारच नाही. सुभेदार एकदम गंभीर झाले.

"खोटा काटा नको. त्यापरास मेलेला बरा."

लढाई संपली आणि लष्कराच्या मोडक्या लॉऱ्या भंगारात आल्या. सांगलीच्या एका भंगारवाल्याच्या ढिगात सुभेदार सकाळी शिरले, ते मावळतीला ग्रीसनं काळेठिक्कर होऊन, हव्या त्या चाकासकट बाहेर आले. ते बसवल्यावर मैलाचे दगड आणि माझं मनगटी घड्याळ यांच्यावर काटा पडताळून पाहिला. खरा निघाला. आता हा माणूस गाडी उधळणार, म्हणून मी मनातल्या मनात मृत्युपत्र केलं.

थोड्याच दिवसांत पेट्रोल जमवून त्यांनी म्हसवडचा बेत ठरवला आणि मला मागं बसवलं. पुढं त्यांच्या शेजारी येऊन बसल्या त्या काकू, त्यांच्या पत्नी. काकूंना मी मोटारीत कधीच पाहिलं नव्हतं.

वाटेत त्यांनीच सांगितलं. त्यांचा भाऊ घाटात उतारूंची सर्व्हिस मोटार उलटून गेला होता. तेव्हापासून त्या म्हसवडला माहेरी जायच्या त्या बैलगाडीनं. पुढं कमरेला हादरे सोसेनात, जाणंच थांबलं. तिकडं म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली.

"ह्ये म्हनायचे, हळू नेतो. मी म्हनलं, बाप्यामानसाला हळू म्हंजी काय ठावं? मला दिसलं पायजे."

काकूंना आकडे वाचता येत नव्हते. सुभेदारांनी तबकडीच्या काचेवर एका जागी कुंकवाचं बोट उमटवलं होतं. काटा तिथं पोचला की मला थांबव, असं त्यांनी बजावलं होतं. काकूंनी एका हातानं दार घट्ट धरलं होतं आणि काट्यावरची नजर क्षणभरही हलवली नव्हती.

मायणी मागं पडली. सरळ, सपाट माळ लागला. मग काकू हळूच म्हणाल्या, "आई वाट बघत आसंल. काटा जरा फुडं गेला तरी चालंल."

सुभेदारांनी त्यांच्या दार धरलेल्या हाताकडे पाहिलं. बोटं पांढरी पडली होती. "जाऊ की सावकाश," एवढंच म्हणून त्यांनी काटा होता तिथंच ठेवला.

मागून घुंगरं वाजली. एक छकडा आला आणि आम्हाला मागं टाकून गेला. गाडीवान वळून वळून आमच्या मोटारीकडे पाहून हसत होता. सुभेदारांनी त्याला हात उंचावून रामराम केला.