एकोणीस दगड आणि एक बादली

एकेचाळीस वर्षं झाली, पण तो आवाज मास्तरांच्या कानातून गेला नव्हता. लग्नाला महिनाही झाला नसेल. नवी नवरी मागच्या दारी घोटाभर चिखलात उभी राहून दोरीवर धुणं झटकत होती आणि आतल्या शिलाई मशीनला नीट ऐकू जाईल अशा बेतानं गुणगुणत होती :

मागल्या दाराशी बाई, चिखल राही बारमाही,
घरच्या माझ्या शिंप्याला, उद्याविना वार नाही.

कारण सकाळीच ती म्हणाली होती, "अहो, दारापासून दोरीपर्यंत चार दगड टाका ना." आणि मास्तर दातांत टाचणी धरून म्हणाले होते, "उद्या."

त्या उद्यानंतर मास्तरांनी किती सदरे, किती कोट, किती परकर शिवले याची गणती नाही. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द एकदाही मोडला नाही. घरचं गिऱ्हाईक तेवढं चिखलातून दोरीपर्यंत जात राहिलं आणि परत येत राहिलं. गाणंही कधीतरी थांबलं. कधी थांबलं ते मास्तरांच्या लक्षात आलं नाही, आणि आता तेच जास्त टोचत होतं.

गेल्या महिन्यात मागून धप्प आवाज आला. मास्तर गळ्यातली टेप सावरत धावले, तर बायको कुंपणाच्या भिंतीपाशी बसलेली, पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं.

"चिखलात घसरलीस?"

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हो."

पायाला प्लास्टर बसलं. लेक आली, आईला आपल्या घरी घेऊन गेली आणि जाताना बापाला म्हणाली, "बाबा, प्लास्टर निघालं की आणून सोडते. पण मागच्या दारी परत काही झालं, तर मी आईला माझ्याकडेच ठेवून घेणार. कायमची. मग बसा मशीनशी बोलत."

लेक कुणावर गेली होती ते मास्तरांना ठाऊक होतं. ती बोलायची ते करायची.

म्हणून रविवारी फोन आला, "पुढच्या रविवारी आणते आईला," तेव्हा मास्तर छाती काढून म्हणाले, "आण. दगडांची वाट तयार असेल. मी स्वतः घालतोय."

"बाबा, गवंडी बोलवा."

"गवंडी कशाला? चाळीस वर्षं कॉलर बसवली मी. दगडाचं काय, त्याला इस्त्रीसुद्धा लागत नाही."

सोमवारी दगड आले. खाणीतले चपटे, वेड्यावाकड्या कडांचे, वरून गुळगुळीत आणि खालून खडबडीत. एकूण एकोणीस. सोबत खडी आणि रेतीचा ढीग. दगडवाल्यानं सगळं पुढच्या दारी ओतलं, कारण मागे गाडी जात नव्हती, आणि जाता जाता म्हणाला, "मास्तर, सगळा खेळ रेतीचा. खाली खडी, वर चार बोटं रेती, त्यावर दगड. दगड ठेवायचा, हलवून बघायचा, उचलायचा, परत ठेवायचा. घाई करायची नाही."

"आमच्यात ठेवून बघत नाहीत," मास्तर म्हणाले. "माप घेतात."

दगडवाल्यानं एकवार त्यांच्या बोटांकडे पाहिलं. ती बोटं सुईची होती, दगडाची नव्हती. मग त्यानं गाडी वळवली.

आणि मास्तरांनी खरोखरच माप घेतलं. एकेका दगडावर वर्तमानपत्र पसरलं, कड चाचपत पेन्सिल फिरवली, कात्रीनं कापलं, आकडा घातला. एकोणीस दगडांचे एकोणीस कागद. मग मागच्या दारी ते ओळीनं मांडून जमिनीवर टाचण्यांनी टोचले आणि खुरप्यानं त्याबरहुकूम खड्डे कोरायला बसले. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुडघे बोलायला लागले, कंबर ऐकेनाशी झाली. रात्रीचं जेवण ते उभ्यानं जेवले, कारण बसले तर उठता येईल याची खात्री नव्हती. पण खड्डे असे रेखीव झाले की पाहत राहावं.

भिंतीपलीकडे नर्सबाई राहायच्या. त्यांच्या बाजूची जमीन उंच होती, त्यामुळे त्या भिंतीवर आरामात कोपरं टेकून इकडे बघू शकत. इकडून तिकडे बघायचं तर पायाखाली काहीतरी घ्यावं लागे. त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच अंगणात दगड घालून घेतले होते आणि गल्लीतल्या एकूण एक बायका ते बघून गेल्या होत्या.

"छान कोरलंय हो मास्तर," त्या म्हणाल्या. "सामान कशातनं आणताय?"

"ही काय, घरचीच बादली."

नर्सबाईंनी बादलीकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. "हीच का," त्या म्हणाल्या आणि खोकल्या. "जपून वापरा."

गुरुवारी सकाळी मास्तरांनी पहिला दगड छातीशी धरून मागे आणला. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसा हळूच खड्ड्यात ठेवला. दगड बसला नाही. डावीकडून फिरवला, उजवीकडून फिरवला. दुसरा आणला, तोही नाही. पाचव्या दगडाला मास्तर खड्ड्याच्या काठावर बसले आणि खोदताना काढून तिथं टोचून ठेवलेला कागद त्यांनी उचलला. आकडा खालच्या बाजूला होता.

मग उजेड पडला. चाळीस वर्षं ते कापड उलटं पसरत आले होते आणि त्यावर कागदही उलटा ठेवत आले होते, म्हणजे खडूची खूण आतल्या बाजूला राहते. इथंही हातांनी तेच केलं होतं, न विचारता. एकोणीसच्या एकोणीस खड्डे उलटे. बाही असती तर दुसऱ्या हाताला बसली असती. दगडाला दुसरा हात नसतो.

"मग दगडच उलटे घाला की," भिंतीवरून नर्सबाई म्हणाल्या.

मास्तरांनी एक घालून पाहिला. काय बसला म्हणून सांगावं! अंगाबरोबर शिवल्यासारखा. फक्त खडबडीत टेंगूळ वर आलं होतं. मास्तर त्यावर उभे राहिले, दोन्ही हात पसरून थोडा वेळ तरंगले आणि मग बाजूच्या खड्ड्यात बसले.

"लागलं?"

"नाही. दमलो होतोच, म्हटलं बसावं."

शेवटी त्यांनी शिंप्याचाच उपाय केला. कपडा तंग झाला तर शिवण उसवून सैल करतात. त्यांनी एकोणीस खड्डे चहूबाजूंनी तीन-तीन बोटं वाढवले. शुक्रवार त्यातच मावळला. दिवसभर खुरपं मातीला टेकत होतं आणि मास्तर भिंतीला.

शनिवारी खडी टोपल्यानं वाहून झाली आणि रेतीची पाळी आली. पुढच्या दारातून, घराला वळसा घालून, मागच्या दारी. पहिल्या खेपेला बादली जड लागली. पण मागे पोचेपर्यंत हलकी झाली. दुसरीही तशीच. मास्तरांना बरं वाटलं. पाच दिवस अंगमेहनत केली त्याचं हे फळ, या वयातही अंगात ताकद भरतेय! दहाव्या खेपेला तर ते शीळ घालत होते. तेराव्या खेपेला पुढचा ढीग संपला आणि मागे दोरीकडचे जेमतेम सहा खड्डे भरले होते.

त्यांनी वळून पाहिलं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत घराला वळसा घालून रेतीची एक सुरेख, एकसारखी पट्टी गेली होती. इतकी सरळ टीप त्यांनी मशीनवरसुद्धा कधी मारली नव्हती. बादली वर धरली. तळाला आरपार चीर होती आणि चिरेतून आभाळ दिसत होतं.

त्यांनी पट्टीतली रेती मुठीनं गोळा करायला घेतली, पण पाच दिवस ये-जा करून ती वाट पुरती भुसभुशीत झाली होती. मुठीत निम्मी माती येत होती. दगडवाल्याला फोन केला.

"सोमवारी," तो म्हणाला.

"उद्या बायको येतेय."

"सोमवारी, मास्तर."

मास्तर दुकानात गेले आणि चिंध्यांची पोती घेऊन आले. नाट्यगृहाच्या पडद्याची लाल मखमल होती त्यांत, रग्गड. उरलेल्या खड्ड्यांत ठासून भरली, वर दगड, फटींत माती. एकोणीस दगड एका ओळीत आले. संध्याकाळच्या उन्हात ते इतके शहाण्यासारखे दिसत होते की मास्तरांचे डोळे भरून आले. बसकण पक्की व्हावी म्हणून त्यांनी वर पाणी मारलं. भरपूर.

रविवारी लेकीची गाडी थांबली. बायको काठी टेकत घरातून थेट मागच्या दारी आली आणि उंबऱ्यावरच थबकली. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "घातले की हो."

तिनं पहिल्या दगडावर पाऊल ठेवलं. दगड गादीसारखा खाली गेला आणि पच्च असा आवाज झाला. कडेनं लाल पाणी वर आलं.

"हे रक्त कुणाचं?"

"मखमल आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी तिचा दंड धरला.

दुसरा दगड, पच्च. तिसरा, पच्च. मागे लेक हातात पिशवी घेऊन उभी होती. ती खाली ठेवत नव्हती. मास्तरांनी ते पाहिलं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "एकेचाळीस वर्षं उशीर केला, आणि केलं ते हे असं. तू त्या दिवशी चिखलात पडलीस ती माझ्यामुळे. लेकीकडे राहावंसं वाटलं तर राहा. मी काही म्हणणार नाही."

बायको तिसऱ्या दगडावर डुलत उभी होती. तिची नजर भिंतीकडे गेली. तिथं बादली पडली होती.

"पिशवी आत ठेव गं," तिनं मागे न बघताच लेकीला सांगितलं. मग मास्तरांना म्हणाली, "ही अजून टाकून दिली नाहीत?"

"बादली चांगली आहे. तळाला तेवढी चीर गेलीय. तिनंच सगळी रेती घालवली. कशानं गेली कोण जाणे."

भिंतीवरची दोन कोपरं अलगद दिसेनाशी झाली. नर्सबाईंना घरात काहीतरी काम आठवलं असावं.

"माझ्यानं गेली," बायको म्हणाली.

"अं?"

"मी चिखलात नव्हते घसरले. बादली पालथी घालून वर चढले होते. नर्सबाईंचे दगड सगळी गल्ली बघून आली होती, मीच तेवढी राहिले होते. म्हटलं, आपल्याकडे उद्याविना वार नाही, निदान दुसऱ्याचे तरी बघून घ्यावेत."

दगड दोघांच्या भारानं आणखी बोटभर खाली गेला.

"मग," त्यांनी विचारलं, "दिसले का?"

"दोनच. तिसरा दिसायच्या आत बादली गेली."