छत्तीस लाल खुणा

जालना शहराचे इतके शास्त्रशुद्ध छायाचित्रण माझ्यापूर्वी कोणी केले नव्हते, आणि माझ्यामुळे यापुढेही कोणी करू धजणार नाही. यांतले पहिले अर्धे वाक्य मी एके काळी सर्वांना ऐकवीत असे. दुसरे अर्धे आज प्रथमच, मान खाली घालून लिहितो आहे.

गोष्ट १९९४ च्या जानेवारीतली. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत होतो, आणि ज्याचे मोजमाप होत नाही त्यावर विश्वास ठेवीत नव्हतो. विज्ञान मंडळाच्या दहा विद्यार्थ्यांना ‘शहराचे दृश्य : एक अभ्यास’ हा छायाचित्र-प्रकल्प करायचा होता आणि मार्गदर्शक मी होतो. कॅमेरा एक. प्राचार्यांनी मंजूर केलेला रोलही एकच, छत्तीस फोटोंचा. म्हणजे एक चूक करण्याइतकीसुद्धा सवड नव्हती. अशा वेळी लोक देवाला नारळ बोलतात. मी आलेखकागद आणला!

जुन्या जालन्यातली तांबटगल्ली निवडली. तिचा नकाशा काढला. छत्तीस जागा ठरवल्या. प्रत्येक जागेसाठी कॅमेऱ्याची उंची, दिशा आणि वेळ यांचा तक्ता केला. फोटोच्या दिवशी शोधाशोध नको, म्हणून आठ दिवस आधी त्या त्या भिंतीवर तैलरंगाने खूण करायची : एक वर्तुळ, त्यात क्रमांक, शेजारी दिशादर्शक बाण. रंग लाल. त्याचेही कारण शास्त्रीय होते. दिसणाऱ्या प्रकाशात तांबड्याची तरंगलांबी सर्वांत जास्त, म्हणून तो लांबून दिसतो. किती लांबून, ते पुढे नगरपालिकेपर्यंत सिद्ध झाले.

“सर,” रजिया म्हणाली. ती वर्गातली सर्वांत हुशार मुलगी, आणि तिची खाला, म्हणजे मावशी, त्याच गल्लीत राहत असे. “गल्लीतल्या लोकांना आधी सांगायचं न्हाई का?”

“मुळीच नाही! ज्या वस्तूचे निरीक्षण करायचे, तिला निरीक्षणाचा हेतू कळला की ती पावडर लावून येते.”

वर्गाने हे वाक्य वहीत उतरवून घेतले. मला फार बरे वाटले.

सोळा तारखेच्या रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही गल्लीत शिरलो. दोघांच्या हातात टेप, रजियाच्या हातात रजिस्टर, रामकिसनच्या हातात रंगाचा डबा. मी पाठीमागे हात बांधून सूचना देत होतो. पत्र्याच्या पेट्या बनवणारे फकरोद्दीनभाई तोंडात मंजन घेऊन बाहेर आले.

“क्या सर, सुबू सुबू क्या चलरा?”

“एका योजनेचे काम आहे.”

“किसकी योजना?”

“ते तेवीस तारखेला कळेल.”

“और ये बाण?”

“बाणाच्या दिशेने काम होईल. तुम्ही घाबरू नका.”

फकरोद्दीनभाईंनी मंजन गिळले.

वाचकहो, जे गावातले शेंबडे पोरही जाणत होते, ते एम.एस्सी. होऊनही मला ठाऊक नव्हते. भल्या सकाळी टेप आणि रजिस्टर घेऊन माणसे येतात, भिंतीवर लाल रंगाने आकडा आणि बाण काढतात, विचारले तर काही सांगत नाहीत आणि तारीख मात्र देतात, ही अतिक्रमण हटवण्याची रीत आहे! आमच्या खुणांत आणि त्या खुणांत एकच फरक होता. आमच्या जास्त सुबक होत्या.

बुधवारी उन्हाची तिरीप तपासायला गल्लीत गेलो, तर फकरोद्दीनभाई शिडीवर चढून दुकानासमोरचे पत्रे उतरवीत होते. त्या पत्र्यांची रस्त्यावर पडणारी सावली हा माझा अकरा क्रमांकाचा फोटो होता.

“हे काय करताय?”

“अब क्या करना सर! तेवीस तारीखकू आरे ना वो लोगां!”

“कोणते लोक?”

त्यांनी शिडीवरून माझ्याकडे असे पाहिले, की जणू चोरानेच चोरीची वेळ विचारली आहे. “नको बोलो सर. हमकू सब मालूम है. तुमारा भी नोकरी का सवाल है.”

त्या क्षणी मी सत्य सांगायला हवे होते. बोलायला फार तर अर्धे मिनिट लागले असते. मी नुसते “असं?” म्हणालो आणि निघालो! कारण खरे सांगितले असते तर छत्तीस जागांचे नियोजन वाया जाणार होते. घरी येऊन मी स्वतःची समजूतही शास्त्रीय पद्धतीने घातली. अफवा किरणोत्सारी पदार्थासारखी आपोआप क्षीण होते. तिचे अर्धायुष्य दोन दिवसांचे धरले, तर रविवारपर्यंत ती चतुर्थांश उरेल.

गुरुवारी रजिया प्रयोगशाळेत आली. “सर, तीन फूट झालंय.”

“काय तीन फूट?”

“आधी सहा फूट आतपर्यंत तोडणार व्हते म्हणे. काकासाहेबांनी भांडून तीनवर आणलं.”

काकासाहेब हे त्या वॉर्डाचे नगरसेवक. गल्लीतली माणसे त्यांच्या घरी गेली होती. त्यांना अर्थातच काही ठाऊक नव्हते. पण ‘मला ठाऊक नाही’ हे वाक्य नगरसेवक आयुष्यात एकदाच उच्चारू शकतो. ते म्हणाले, “आरे, मला समदं म्हाईत हाय! तुम्ही झोपले व्हते, तवा मी तिथं टेबलावर मूठ आपटून राह्यलो व्हतो!”

मंडळी तिथून पालिकेत गेली. कारकुनाने कपाटातल्या फाइलींची सगळी फडकी सोडली. फाइल सापडेना. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला, “इथं फाइलच न्हाई, म्हंजे हे वरून आलेलं दिसतंय.” आणि त्याने नवी फाइल उघडून ठेवली! सरकारी दप्तरात आता माझ्या प्रकल्पाची नोंद होती. ती फक्त प्रकल्प म्हणून नव्हती.

“सर, आता तरी सांगू या का?” रजियाने विचारले.

“रविवारी प्रात्यक्षिकातूनच सगळे स्पष्ट होईल,” मी म्हणालो. हे वाक्य मात्र कोणी वहीत उतरवले नाही.

शुक्रवारी मी सतरा क्रमांकासमोर जाऊन उभा राहिलो.

सतरा क्रमांक म्हणजे केशरबाईंचे घर. केशरबाई घरासमोरच्या ओट्यावर बसून फुटाणे-मुरमुरे विकत. साठी उलटलेली, एकटी बाई. मालक गेल्यापासून वीस वर्षे तो ओटा हेच तिचे दुकान. आजूबाजूला शाळा होती, नळ होता, येणारी-जाणारी माणसे ओट्याच्या कडेला टेकत, दोन गोष्टी बोलत, पावशेर फुटाणे घेत. माझ्या आलेखात त्या ओट्याची नोंद ‘अग्रभाग, आडवी रेषा’ अशी होती.

ती आडवी रेषा आता नव्हती. दगडमातीचा ढीग होता. बाजूला शहाबादी फरशा उभ्या रचलेल्या, आणि केशरबाई हातात पहार घेऊन धापा टाकीत होत्या.

“केशरबाई! हे कोणी तोडले?”

“मीच तोडला की. बसा सर. बसा तरी कुठं म्हनावं!” त्या हसल्या. “पालिकेनं तोडला की फरशा बी ट्रॅक्टरात घालून नेतेत. आपुन तोडला तर फरशा आपल्याला राह्यतेत.”

“पण... आता तुम्ही बसणार कुठे?”

“बसते दारात. कालपासून बसून राह्यले. पर दारात बसलेली बाई गिऱ्हाइकाला दिसत न्हाई हो. काल समद्या दिवसात दोन पोरं आल्ते. त्यातलं एक पानी प्यायला आल्तं.” मग त्यांनी भिंतीवरच्या सतराकडे बोट केले. “आकडा मातुर लई चांगला काढलाय मेल्यानं. छापल्यावानी.”

मेला समोरच उभा होता. त्याने मान डोलावली आणि पळ काढला!

त्या दिवशी मी जेवलो नाही. शनिवारी ठरवले : कारणच नाहीसे केले की कार्य नाहीसे होते. तेव्हा खुणाच पुसायच्या. दुपारी दोन वाजता गल्ली डुलकी घेत असते, असे माझे निरीक्षण होते. मी रॉकेलची बाटली आणि चिंध्या घेऊन गेलो आणि सर्वांत आधी सतरा घासू लागलो. वर्तुळ गेले, एक गेला, साताची शेपटी तेवढी उरली होती, तोच मागून आवाज आला.

“सर! केशरबाई का पुसे, तो हमारा भी पुसो!”

फकरोद्दीनभाई! त्यांच्या हातात मोसंब्यांची पिशवी होती. “सालेके बाग की है. एकदम मीठी. घर में बच्चे खाएंगे. अकरा नंबर, याद रखो.”

“अहो, मी काही घेत नाही—”

“मालूम है, मालूम है. सब पहले ऐसाच बोलते.”

पाच मिनिटांत डुलकी घेणारी गल्ली माझ्यामागे उभी राहिली. “सर, माझा तेवीस!” “आमचा बाण नुसता फिरवून शेजारच्याकडं करा, बास!” “ह्याचा पुसता अन् माझा न्हाई? मी काय घोडं मारलंय?” एकाने लिंबाएवढ्या मोसंब्या आणल्या म्हणून दुसऱ्याने त्याला रांगेतून बाहेर काढले. मी अंधश्रद्धेवर चार व्याख्याने दिलेला माणूस, आणि माझ्या हाताच्या स्पर्शाने घरे वाचतात यावर एका तासात चाळीस जणांची श्रद्धा बसली होती! शेवटी मी पळालो. रॉकेलची बाटली तिथेच राहिली. मोसंब्या मात्र, कोणी कशा सायकलला अडकवल्या कोण जाणे, माझ्याबरोबर घरी आल्या.

रविवार, तेवीस तारीख. ठरवलेच होते : आधी कबुली, मग काय व्हायचे ते होवो. विद्यार्थ्यांना घेऊन गल्लीत शिरलो, तर सगळी गल्ली ट्रॅक्टरची वाट पाहत दोन्ही बाजूंना रांगेने उभी होती. साहेब लोकांसमोर रडायचे तर नीटनेटके असावे, म्हणून सर्वांनी आंघोळी करून, केसांना तेल लावून, धुतलेले कपडे घातले होते. मधोमध काकासाहेब. मी केशरबाईंच्या ढिगाऱ्यावर चढलो.

“ऐका! या खुणा पालिकेच्या नाहीत. माझ्या आहेत. मी त्या फोटो काढण्यासाठी केल्या. काहीही पाडले जाणार नाही. चूक माझी आहे, आणि बुधवारी कळूनही मी गप्प बसलो. मला क्षमा करा.”

मागून कोणीतरी म्हणाले, “सर लई भला माणूस. कोणाला तरी वाचवून राह्यलाय.”

“नाही हो! खरंच फोटोसाठी!”

“फोटूसाठी कोणी भिंती रंगवतं व्हय? शिकलेला माणूस असं येड्यावानी करीन का?”

“मी केलंय! माझ्याकडे तक्ता आहे!”

तक्ता दाखवताच सर्वांची खात्रीच पटली. इतका मोठा तक्ता सरकारीच असणार! तेवढ्यात काकासाहेब पुढे सरसावले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पाहिलं का? तोडायला येणार व्हते, फक्त फोटू काढून चालले! हे कोणामुळं? म्या सांगितलं, आमच्या गल्लीला हात लावून दाखवा!” टाळ्या पडल्या. त्यांच्या गळ्यात हार पडला. मी ढिगाऱ्यावरून उतरलो. माझा गुन्हा माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचे कर्तृत्व झाला होता, आणि मला तो परत मिळवता येत नव्हता.

काकासाहेबांच्या आग्रहास्तव आम्ही छत्तीसही फोटो काढले. प्रत्येकात तेल लावलेली माणसे हात जोडून सरळ रेषेत उभी आहेत. शहर कुठेही दिसत नाही.

माझ्यावर विश्वास फक्त एकाच व्यक्तीने ठेवला. पांगापांग झाल्यावर केशरबाई जवळ आल्या. “सर, तुम्हीच काढला व्हता न आकडा?”

“हो.”

“मला बुधवारीच सांगितलं असतं, तर म्या पहार गुरुवारी उचलली नसती.”

त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त दोन वार सांगितले. माझ्या सगळ्या मोजमापांपेक्षा ते मोजमाप अचूक होते.

“ओटा मी बांधून देतो,” मी म्हणालो. “स्वतःच्या हाताने.”

“सर, मिस्त्री बोलावू,” रामकिसन हळूच म्हणाला. त्याचे वडील गवंडीकाम करीत.

“प्रायश्चित्त दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही!” मी म्हणालो. शिवाय मिस्त्री अंदाजाने काम करतात, हेही मनात होतेच.

पुढच्या रविवारी आम्ही ओटा बांधला. प्रयोगशाळेतून सपाटी तपासायची पाणसळ आणली. चारही कोपरे सोळा वेळा तपासले. शहाबादी फरशी अशी बसवली, की वर गोटी ठेवली तर ती विचारात पडावी! नऊ फूट लांबीत एका मिलिमीटरचाही फरक नाही. अख्खी गल्ली पाहून गेली. आठवड्याभराने पहिल्यांदा मला छाती भरून श्वास घेता आला.

सिमेंट वाळल्यावर केशरबाईंनी दुकान मांडण्याआधी, रोजच्या शिरस्त्याप्रमाणे, ओटा धुण्यासाठी बादलीभर पाणी ओतले. मी हा क्षण पाहायला मुद्दाम हजर होतो.

पाणी ओट्यावर पसरले आणि थांबले. मग अर्धे रस्त्याकडे निघाले. उरलेले अर्धे, कोणतीही घाई न करता, उंबऱ्यावरून घरात गेले आणि फुटाण्यांच्या पोत्याखाली जाऊन बसले.

केशरबाईंनी पोते ओढून बाजूला घेतले. “सर, ढाळ कुठंय?”

“ढाळ?”

“पानी रस्त्यावर जायला.”

“केशरबाई, ओटा पूर्णपणे सपाट आहे.”

“तेच म्हनून राह्यले मी.”

दुसऱ्या दिवशी रामकिसनचे वडील आले. त्यांनी ओट्याकडे पाहिले, एक डोळा मिटला, अंगठा हवेत धरला, आणि पहार मागितली. मी फरशा उचलून देण्याचे काम केले. त्याहून अधिक जबाबदारी कोणी दिली नाही. संध्याकाळपर्यंत ओटा तयार झाला. सिमेंट वाळल्यावर केशरबाईंनी पुन्हा बादली ओतली. पाणी मुकाट्याने रस्त्यावर गेले.

मी निघालो, तेव्हा त्यांनी भिजलेल्या फुटाण्यांचा पुडा माझ्या हातात कोंबला आणि मायेने म्हणाल्या, “सर, तुम्ही आपले फोटूच काढत जा.”

मी चार पावले गेलो असेन नसेन, मागून पुन्हा आवाज आला.

“पर दुसऱ्या गल्लीत!”