नदीवरचं नवं जाळं

ही गोष्ट मी ज्यांना ज्यांना सांगितली, त्यांतल्या एकानंही खरी मानली नाही. म्हणाले, बाई, काहीही काय सांगता, शिकलेली जनावरं अशी वागतील का? शिकलेली होती म्हणूनच वागली, असं मी म्हटलं, तर उठूनच गेले. तेव्हा बाळांनो, आता तुम्ही ऐका. नाकं पुसा आणि मधे बोलू नका.

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. नदीकाठी, वडाखाली. कुलगुरू होता गवा. त्याला सगळे आबासाहेब म्हणायचे. अंगानं मोठा होता, म्हणून कुलगुरू. दुसरं कारण मला तरी सापडलं नाही.

तिथं संशोधन चालायचं. कुणाला काही नवं कळलं, की त्यानं ते पानावर कोरायचं आणि वडाच्या फांदीतल्या जाळ्याला लावायचं. जाळं कोळ्यानं विणलेलं. लहानसंच होतं, पण ज्याला वाचायचं तो येऊन वाचायचा. पान जाळ्याला लागलं की ते संशोधन. नाही लागलं तर ती नुसती बडबड. असा नियम.

दरसाल गिधाडांची समिती यायची आणि श्रेणी देऊन जायची. गिधाडं खाली उतरत नसत. उतरलं की वाचावं लागतं. ती वरूनच घिरट्या घालत आणि जाळं केवढं दिसतंय ते बघत. पलीकडच्या जंगलातल्या तरसानं मोठं जाळं विणून घेतलं आणि त्याला वरची श्रेणी मिळाली. त्या दिवसापासून आबासाहेबांना चारा गोड लागेना.

त्यांनी कोळ्याला बोलावलं.

"आपलं जाळं आभाळातून दिसत नाही."

"वडाखाली आहे ना साहेब," कोळी म्हणाला. "नदीवर विणू. या काठापासून त्या काठापर्यंत. एकदम नव्या पद्धतीचं. प्रत्येक पानाला वेगळं घर, आणि पुराव्याशिवाय पान आत नाही."

"लागेल काय?"

"माश्या."

झालं. सगळे प्राध्यापक माश्यांच्या मागे. माकडाचा वर्ग बंद, अस्वलाची प्रयोगशाळा बंद. आधी रिकामटेकडे प्राध्यापक तेवढे माश्या मारायचे, आता कामाचेही मारायला लागले. कोळी खाऊन खाऊन जांभळाएवढा झाला आणि जाळं नदीभर पसरलं. उन्हात असं चमकायचं की बघत राहावं.

त्याच दिवसांत द्वारका टिटवीला एक गोष्ट कळली. द्वारका नदी हा विषय शिकवायची. दरसाल ती अंडी वाळूत घालायची. यंदा तिनं बघितलं, मुंग्या अंडी घेऊन वर निघाल्यात. खेकडे बिळं सोडून वर चढलेत. तिनंही आपली अंडी टेकाडावर घातली आणि पान कोरलं: यंदा नदी वडापर्यंत येणार, काठ रिकामा करा.

काठावर काय होतं? वसतिगृह. बिळाबिळांतून घुशींची, उंदरांची पोरं राहायची.

द्वारका पान घेऊन कोळ्याकडे गेली.

"पुरावा?" कोळ्यानं विचारलं.

तिनं मुंग्या सांगितल्या, खेकडे सांगितले, आपली अंडी सांगितली.

"ही कारणं झाली. पूर येणार म्हणताय ना? मग आलेला पूर जोडा."

"आल्यावर तुझं जाळं राहील का, मेल्या?"

"ते माझ्याकडे येत नाही. मी फक्त नोंदीचं बघतो."

ती आबासाहेबांकडे गेली.

"आबासाहेब, पोरं बुडतील."

"पान लागलंय?"

"तो घेत नाही."

"मग मला हे कळलेलंच नाही." आबासाहेबांनी रवंथ केलं. "आणि द्वारकाबाई, तुम्ही आभाळ पडेल म्हणून पाय वर करून झोपता. पडलं का अजून?"

"मी पाय वर धरलेत म्हणून पडलं नाही," असं फणकारून ती निघाली.

शेवटी ती वसतिगृहाच्या घूसमावशीकडे आली. ही तिथली रेक्टर.

"मावशी, पोरं हलव."

"वरून हुकूम आहे?"

"नाही."

"जाळ्याला पान?"

"नाही गं."

घूसमावशीनं तिच्याकडे नीट बघितलं. "तुझी अंडी कुठायत?"

"टेकाडावर."

मावशीनं लगेच बिळात तोंड घातलं. पहिल्या पोराची मानगूट तोंडात धरली आणि टेकाडाची वाट धरली. ते बघून माकडानं माश्या टाकल्या आणि दोन पोरं काखेत मारली. मग अस्वल आलं. मग सगळेच.

जंगलात थेंब नव्हता. पाऊस झाला तो वर डोंगरात. पण पाणी आलं ते लाल, गढूळ, झाडं घेऊन. वसतिगृह गेलं. पाणी वडाला टेकलं. शेवटचं पोर तेव्हा टेकाडावर पोचून खायला मागत होतं. एकसुद्धा पोर गेलं नाही.

जाळं मात्र गेलं. पानांसकट.

पाणी ओसरायच्या आतच गिधाडं आली.

"जाळं कुठाय?"

"पुरानं नेलं," आबासाहेब चिखलात उभे राहून म्हणाले.

"पुराची नोंद?"

"नव्हती."

"बुडालं कोण?"

"कुणीच नाही."

गिधाडांनी एकमेकांकडे बघितलं. लांबून उपाशी आलेली बिचारी. "परिणाम शून्य," थोरलं गिधाड म्हणालं. "श्रेणी खालची." आणि ती निघून गेली.

मग चौकशी बसली.

"जाळं गुंडाळून वर नेता आलं असतं साहेब," कोळी म्हणाला. "पण एक जण मोकळा असेल तर शपथ. सगळेजण पोरं उचलून टेकाडावर नेत होते."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

सगळ्यांनी टेकाडाकडे बघितलं. तिथं द्वारका अंड्यांवर बसली होती आणि घुशीची पोरं तिच्याभोवती शिवाशिवी खेळत होती. पोरं का जिवंत आहेत, हे कुणी विचारलं नाही. त्या बैठकीत तो विषयच नव्हता.

आणखी मोठं जाळं तिथल्या तिथं मंजूर झालं. दुसऱ्या दिवसापासून माश्या सुरू.

तात्पर्य: बाळांनो, विद्यापीठं जाळी वाढवतात ती खालच्यांनी वाचावं म्हणून नाही, वरच्यांना दिसावं म्हणून. तेव्हा पूर येताना दिसला तर आधी जाळं उचला, पोरं काय मागाहून बघता येतील. आणि पोरं वाचून जाळं गेलंच, तर उगाच नदीला, कोळ्याला किंवा आबासाहेबांना बोल लावू नका. चौकशीत दोषी एकच ठरली, द्वारका टिटवी.