रिठ्याने धुतलेलं नाणं

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अल्फारेटा गावी राहणाऱ्या परीक्षित यांनी २००६ च्या दिवाळीआधी पत्नीच्या पाटल्या मोडून कौटुंबिक गुंतवणुकीचं आधुनिकीकरण केलं. पाटल्या लतिकाला तिच्या आईने दिलेल्या होत्या, ही बाब त्यांनी भावनिक म्हणून नामंजूर केली.

बदल्यात घरात एक सोन्याचं नाणं आलं. जॉर्जियाच्या डोंगरांत कॅलिफोर्नियाच्याही आधी सोनं सापडलं, तेव्हा कुणा गृहस्थाने सरकारला न विचारता नाणी पाडली होती. सोन्यात खोट निघाली, लोकांनी शिव्या घातल्या, टांकसाळ बुडाली. म्हणून नाणी थोडी उरली आणि थोडी उरली म्हणून अमोल ठरली.

"म्हणजे फसवलं, त्याची किंमत?" लतिकाने विचारलं.

"रेअर आहे गं! कधीच क्लीन केलेलं नाही. तसं सर्टिफाय केलंय."

पावणेदोनशे वर्षांचा मळ प्लास्टिकच्या सीलबंद डबीत ऐटीत बसला होता.

लक्ष्मीपूजनाला लतिकाने घरातलं सगळं सोनं रिठ्याच्या पाण्यात टाकलं. नाणं तेवढं राहिलं. नारळ फोडायच्या हातोडीने तिने डबी फोडली आणि जुन्या टूथब्रशने नाणं लख्ख घासलं.

चौरंगावर ते बघून परीक्षितनी फुटकी डबी उचलली. "तू हे वॉश केलंस?"

"मग? देवीपुढे लोकांचा मळ मांडू?"

नाणेतज्ज्ञांनी भिंगातून पाहून दुखवटा व्यक्त केला. "आता हे फक्त सोनं आहे."

"मळ परत लावता येईल?" परीक्षितनी आशेने विचारलं.

"ती फसवणूक होईल."

"आणि त्या गृहस्थाने केली ती?" लतिकाने विचारलं.

"तो इतिहास आहे, मॅडम."

फक्त सोनंच उरलंय तर माझ्या पाटल्या करून द्या, म्हणून लतिका हटून बसली. गुजराती सराफाने नाणं वितळवलं. इतिहासातली खोट वर आली.

"बेन, एकच होईल," तो म्हणाला.

महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला लतिका ती एकच पाटली घालून गेली.

"अगं, एकच?" मालिनीकाकूंनी भर घोळक्यात विचारलं.

लतिकाने मोकळं मनगट पदराखाली घेतलं. "रेअर आहे, काकू. दुसरी उरलीच नाही."

घोळक्यातल्या माना आदराने डोलल्या. पुढच्या संक्रांतीला अर्ध्याअधिक बायका एकेकच पाटली घालून आल्या. मालिनीकाकूंनी तर आपली धुतलीही नव्हती.

हसलात ना? हसताना तोंडावर धरलेला हात कुठला ते बघा. मिरवायचा पाटलीचा, की लपवायचा मोकळा?