जिव्हारत्न कोल्हा आणि येसूअक्काची भट्टी

एका जंगलात झाडं कमी आणि पिझ्झ्याची दुकानं जास्त झाली, तेव्हापासून त्याला महानगर म्हणू लागले.

नीट बसा मुलांनो. नाकातलं बोट काढा. गोष्ट खाण्याची आहे.

तर त्या महानगरात ससा पिझ्झा खायचा आणि वाघही पिझ्झा खायचा. वाघाने ससा खायचं सोडलं होतं असं नाही हं. आधी पिझ्झा, मग ससा, एवढाच काय तो सुधार.

भूक लागली असं मात्र कुणी म्हणत नसे. ते गावंढळ. भेटल्यावर विचारायचं, "काय, आज कुठली शैली?"

शैली म्हणजे काय, हे ठरवायला त्या नगरात एक कोल्हा होता. त्र्यंबकपंत. समुद्रापलीकडे कुठल्याशा ज्वालामुखीच्या पायथ्याशी मऊ, फुगऱ्या काठाचा पिझ्झा करतात. कुठे सरोवराच्या काठी घमेल्याएवढा खोल करतात, आत उतरायला शिडी लागावी असा. एका बेटावर म्हणे घडी घालून चालता चालता खातात, आणि कुठल्या कारखान्यांच्या गावी लोखंडी ताटलीत चौकोनी भाजतात. पंतांना हे सगळं तोंडपाठ. समुद्र लांबच राहिला, पंतांनी गावची नदीसुद्धा ओलांडली नव्हती. पण दुकानदाराला विचारायचे, "हा काठ तिकडच्यासारखा का नाही?" आणि बिचारा दुकानदार कान पाडून उभा राहायचा. त्यालाही तिकडचा काठ कुठे ठाऊक होता!

नगराने पंतांना 'जिव्हारत्न' म्हणून जांभळा पट्टा दिला होता. तो ते आंघोळीलाही काढत नसत.

आता पंत खायचे कसे, ते ऐका.

पिझ्झा टेबलावर आला की सगळ्यांनी हात मागे घ्यायचे. मग रंगनाथ वानर खुर्चीवर चढायचा. तो पंतांचा फोटोवाला. एक फोटो वरून, एक बाजूने. तुळशीसारखं ते हिरवं पान जरा इकडे, मग पुन्हा तिकडे. मग पंतांनी एक तुकडा उचलायचा आणि चीजचा दोर लोंबत ठेवायचा, हात भरून येईपर्यंत. दोर तुटला तर पुन्हा नवा तुकडा. शेवटी खिडकीत जमलेले पंतांचे चाहते पोपट आपापले फोटो काढायचे. एवढं होईस्तोवर चीजची चप्पल झालेली असायची.

मग पंत एक घास चावायचे. डोळे मिटायचे. "अस्सल," म्हणायचे.

"अस्सल! अस्सल!" पोपट ओरडायचे.

त्र्यंबकपंतांनी जन्मात एकही गरम घास खाल्ला नव्हता. आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. नगरातल्या प्रतिष्ठितांपैकी कुणालाच नव्हतं, कारण सगळे पंतांसारखेच खायचे.

दर वर्षी नगरात पिझ्झ्याची जत्रा भरे. संध्याकाळी पंतांचे डोळे बांधत आणि तोंडात एक घास देत. घास ओळखून शैली सांगायची. सांगितली तर पट्टा आणखी वर्षभर गळ्यात, आणि सर्वोत्तम दुकान जाहीर करायचा मानही पंतांचाच. चुकली तर पट्टा उदमांजराच्या गळ्यात. ते उदमांजर दर वर्षी पहिल्या रांगेत मान पुसून, पावडर लावून बसायचं.

पंत कधी चुकले नव्हते. थंडगार चपला ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

त्या वर्षी जत्रेच्या दिवशी सकाळी रंगनाथ म्हणाला, "पंत, मोठमोठी दुकानं झाली सगळी. काचेची झाली, झुंबरांची झाली. यंदा काहीतरी बोळातलं पाहिजे. धूर हवा, काळ्या भिंती हव्यात. हल्ली लोकांना गरिबी फार आवडते."

"स्वतःची?"

"छे हो! बघायला."

म्हणून दुपारी दोघं नदीकडच्या बोळात गेले. तिथे येसूअक्का अस्वलिणीची भट्टी होती. पाटी नाही, खुर्ची नाही. एका ओट्यावर अंगभर पीठ लागलेली अस्वलीण, आणि समोर विटा वाहणारी गाढवं, रेडे अशी रांग. वरच्या तारेवर पोपट होतेच. पंत जातील तिथे ते असत.

पंत थेट पुढे गेले. "आम्ही जिव्हारत्न त्र्यंबकपंत."

"असाल," येसूअक्का म्हणाली. "रांग मागून आहे."

पंतांना रांगेत उभं राहावं लागलं. रंगनाथाने त्याचाही फोटो काढला. नाव दिलं, 'साधेपणा.'

पाळी आल्यावर पंतांनी घसा साफ केला. "बाई, आपली शैली कुठली म्हणायची?"

"शैली कसली मेली? मैदा आहे, टोमॅटो आहे, लसूण आहे, पलीकडच्या म्हशीच्या दुधाचं चीज आहे. भट्टी तापली की भाजते. पान पुढे करा, तुमच्या मागे गाढव खोळंबलंय."

तिने लांब दांड्याच्या लाकडी फळीवरून पिझ्झा काढला आणि पंतांच्या पानात सरकवला. चीज अजून बुडबुडत होतं. काठाला काळे डाग होते, वर धूर होता.

रंगनाथ टुणकन भट्टीच्या कट्ट्यावर चढला. "हात लावू नका पंत! धूर काय सुरेख येतोय!"

येसूअक्काने आपला पिठाचा पंजा कॅमेऱ्यावरच ठेवला. "ए शेपटीवाल्या, उतर खाली. धूर निघतोय तोवर खायचा असतो. तो थांबला की काढ तुझा फोटो."

"अक्का, आमच्यात आधी फोटो असतो. मग खाणं."

"म्हणजे जीव गेल्यावर हार घालता, तसं?"

गाढव रेकलं. रेड्याने हसू दाबलं, पण रेड्याचं हसू दबतंय कुठलं! तारेवरचे पोपट माना वाकड्या करून बघायला लागले.

पंतांच्या मिशा थरथरल्या. "आम्हाला फोटोची गरज नाही," ते म्हणाले. "जाणकाराला जीभ पुरते." आणि त्यांनी एवढा मोठा घास घेतला की दोन्ही गालांना फुगे आले.

मुलांनो, आता गप्प राहा. इथे गोष्टीत एक निमिष आहे, ते हुकू देऊ नका.

त्या निमिषात पंतांना चव लागली. टोमॅटोचा आंबटपणा दाढेखालून सरसरत वर आला. काठाची करपट कडू गोडी, लसणाचा झणका, आणि त्या सगळ्यावर ऊन ऊन दुधाची साय पांघरल्यासारखं चीज. पंतांना एकही विशेषण आठवेना. 'अस्सल'सुद्धा आठवेना. आई आठवली. घरट्यात, म्हणजे त्यांच्या बिळात, थंडीत पोटाशी घेऊन झोपणारी.

निमिष संपलं. जीभ पोळली.

पंतांनी तोंड वर केलं आणि जी कोल्हेकुई केली, ती नदीपार ऐकू गेली. सुसंस्कृत झाल्यापासून त्यांनी ती बंद केली होती.

"अहो, फुंकर नाही का मारायची!" गाढव म्हणालं. "लहान घास घ्यावा, फू करावं, मग चावावा. आमचं शिंगरूसुद्धा करतं."

पण पंतांना फुंकर ठाऊकच नव्हती. थंड घासावर फुंकर कोण मारतं?

येसूअक्का मधाचं मडकं घेऊन आली. "जीभ काढा बाहेर. मध लावते. उतरेल संध्याकाळपर्यंत. आणि बाकीचा पिझ्झा टाकू नका, निवला की खा."

पंतांनी मध ढकलला. पान ढकललं. शेपटी ताठ करून ते चालू लागले. उरलेला पिझ्झा गाढवाने खाल्ला. फू करून.

बोळाच्या तोंडाशी पंतांनी जिभेने दात चाचपून पाहिले. दात लागले, चव नाही. जीभ होती, पण जणू दुसऱ्या कुणाचीतरी तोंडात ठेवली होती.

"रंगनाथ," ते कुजबुजले, "मला काही लागत नाहीये."

"जखम?"

"चव, गाढवा!"

रंगनाथाचा चेहरा पांढरा पडला. पट्टा गेला तर पंत जाणार, आणि पंत गेले तर कॅमेरा घेऊन तो काय झाडाचे फोटो काढणार? आणि झाडं होती कुठे!

संध्याकाळ झाली. जत्रेत पाय ठेवायला जागा नव्हती. नगराध्यक्ष हत्तींनी स्वतः पंतांचे डोळे बांधले. उदमांजराने मान पुढे केली.

तोंडात घास आला. पंत चावू लागले. पुठ्ठा. पुन्हा चावलं. ओला पुठ्ठा. ज्वालामुखी नाही, सरोवर नाही, बेट नाही. सगळी जत्रा श्वास रोखून उभी होती.

खरं सांगता आलं असतं. 'जीभ पोळली, आज जमत नाही,' एवढंच. पण मग कुणीतरी विचारलं असतं, कशाने पोळली? मग गरम पिझ्झा निघाला असता. मग ते निमिष निघालं असतं. आणि मग इतकी वर्षं जे खाल्लं ते काय होतं, हेही निघालं असतं.

पंतांनी घास थुंकला.

"ह्या घासाला धग लागली आहे," ते म्हणाले.

सभा चमकली.

"धग लागलेल्या पिझ्झ्याला शैली उरत नाही. त्याचं नाव घेणं हा त्या शैलीचा अपमान आहे. मी नाव घेणार नाही! धग ही अडाण्यांची आवड आहे. तिने जिभा मरतात. खरा पिझ्झा मुरावा लागतो."

टाळी पडेना. तेवढ्यात रंगनाथाने एकट्याने टाळ्या सुरू केल्या. मग पोपटांनी चोच उघडली, "धग वाईट! धग वाईट!" मग काय, जत्राच टाळ्या वाजवू लागली.

"पण त्र्यंबकपंत," हत्ती हळूच म्हणाले, "धग लागल्याशिवाय पिझ्झा भाजतो कसा?"

"अहो, जाऊ द्या ना," मागून हत्तीणबाई म्हणाल्या. "चारचौघांत कशाला दाखवायचं, आपल्याला कळत नाही ते?"

हत्ती गप्प बसले. मोठ्यांना गप्प बसवायला फार काही लागत नाही, मुलांनो. पट्टा पंतांच्या गळ्यातच राहिला. उदमांजर पावडर पुसत घरी गेलं.

दुसऱ्या दिवसापासून नगरात मुरवलेल्या पिझ्झ्याची लाट आली. ज्वालामुखीवाल्यांनी पिझ्झा माठात ठेवला. सरोवरवाल्यांनी सरोवरात. 'आमच्याकडे गरम मिळत नाही' अशा पाट्या लागल्या, आणि त्या पाट्यांखाली रांगा. "तुझा किती मुरलाय?" "कालचा आहे." "हॅ! आमचा परवाचा." पोटं दुखली, त्यालाही शैली म्हणाले.

इकडे पंतांची जीभ बरी झाली.

आता खरी शिक्षा सुरू झाली. जीभ बरी झाली आणि तिला ते निमिष आठवायला लागलं. पंत दुकानात बसायचे, मुरलेली चप्पल चावायचे, "अस्सल" म्हणायचे, आणि दाढेखाली टोमॅटोची वाट पाहायचे. तो येत नसे. अन्न गोड लागेना. मिशा उतरल्या. शेवटी एका दुपारी ते एकटेच नदीकडच्या बोळात गेले. रंगनाथालाही सांगितलं नाही.

बोळ ओळखू येईना. ओट्यापुढे नव्या खुर्च्या. वर ठळक पाटी: 'येथे उत्तम मुरलेला पिझ्झा मिळेल.' नगरातली झाडून सगळी प्रतिष्ठित जनावरं रांगेत. येसूअक्का पहाटे एकदा भट्टी पेटवायची, ढीग भाजून ठेवायची आणि दिवसभर पाय पसरून गार तुकडे विकायची. अंगावरचं पीठ गेलं होतं. ती चांगली जाड झाली होती.

पंत मागच्या दाराने गेले. तिथे भट्टीच्या उबेला येसूअक्का आणि ते गाढव बसले होते. मध्ये पानावर पिझ्झा, उरल्या निखाऱ्यांवर दोघांपुरता भाजलेला. बुडबुडणारा. वर धूर.

गाढवाने तुकडा उचलला. "फू," केलं. पंतांच्या तोंडाला पाणी सुटलं.

"येसूअक्का," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला अक्का म्हटलं. "एक तुकडा. गरम. मी फुंकर मारीन. शिकलोय मी. घरी सराव करतो."

येसूअक्काने त्यांच्याकडे पाहिलं. तिला दया आली असावी, कारण तिने पान त्यांच्याकडे सरकवलं.

"घ्या," ती म्हणाली. "पण आधी वर बघा, पंत."

पंतांनी वर पाहिलं. तारेवर पोपट ओळीने बसले होते. माना वाकड्या, चोची उघड्या.

पंतांचा पंजा पानावर गेला. धूर त्याला लागला. ऊन, ओला, लसणाचा.

मग तो पंजा गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला आणि तो सरळ करून खाली आला.

"छी!" पंत मोठ्यांदा म्हणाले. "किती ही धग! बाई, आम्हाला मुरलेला द्या."

"धग वाईट! धग वाईट!"

येसूअक्काने पुढच्या ओट्यावरून एक गार तुकडा आणून दिला. पंतांनी तो तिथेच उभ्याने चावला. शेजारी गाढव खात होतं. फू करून, हळूहळू, काठापर्यंत.

"कसा आहे?" येसूअक्काने विचारलं.

"मुरलाय," पंत म्हणाले, आणि डोळे मिटले. त्यातून पाणी आलं. नगरात दुसऱ्या दिवशी बातमी झाली की येसूअक्काचा पिझ्झा इतका मुरलेला आहे की जिव्हारत्नांना रडू आवरलं नाही.

तात्पर्य: खोटं कधी बोलू नये, असं तुम्हाला शाळेत सांगतील. त्यांचं ऐकू नका. खुशाल बोला, मोठ्यांदा बोला, पट्टा मिळेल. फक्त ज्याला नावं ठेवायची, तो पदार्थ आधी काठासकट संपवा. नंतर तो गाढवांनाच मिळतो.